हेड पार्क कोण करते?

2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत कंधारसारख्या तालुक्याच्या गावी शाळेतला संगणक कितीदा अचानक बंद पडे, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको. त्या वेळी मुलांना दिले जाणारे स्पष्टीकरण आजही ऐकू येते : वीज गेली की हार्ड डिस्कचे हेड तबकडीवर आपटते, म्हणून संगणक रीतसर बंद करावा. सल्ला योग्य आहे. आमची तक्रार कारणाबद्दल आहे.

एके काळी त्यात तथ्य होते. 1983 च्या आयबीएम एक्सटी संगणकातील 10 मेगाबाइटच्या डिस्कमध्ये हेड आपोआप बाजूला जात नसे. संगणक हलवण्यापूर्वी वेगळा प्रोग्रॅम चालवून ते सुरक्षित जागी न्यावे लागे. पुढे डिस्कची रचना बदलली, वाक्य तेच राहिले.

नंतरच्या डिस्कमध्ये वीज गेल्यावरही तबकड्या जडत्वाने फिरत राहतात. त्यांना फिरवणारी मोटरच आता जनित्र बनते आणि तिची वीज हेडच्या भुजेमागील वेटोळ्याला मिळून भुजा बहुधा आतल्या, माहिती नसलेल्या पट्ट्यावर जाते. प्रवर्तनाचा धडा शिकवताना हे उदाहरण वगळावे, याचे आम्हाला नवल वाटते.

पण तिथे पोचलेल्या भुजेला धरून कोण ठेवणार? वेटोळ्यात तर प्रवाह उरलेला नाही. भुजा आसाभोवती तोललेली असल्याने सरळ धक्क्याने फारशी फिरत नाही. डिस्कला पीळ बसला तर मात्र फिरते. म्हणून अनेक डिस्कमध्ये एक छोटा कायम चुंबक भुजेवरचा पोलादी तुकडा धरून ठेवतो. ‘चुंबकाने अडकवले’ म्हणून इथे थांबता येत नाही. ओढ जास्त झाली तर वेटोळ्याला भुजा सोडवता येणार नाही, कमी झाली तर हिसक्याने ती सुटेल. शिवाय ही ओढ अंतराबरोबर इतक्या झपाट्याने बदलते की केसाएवढी फटही महत्त्वाची ठरते. चुंबकावर रबराचे आवरण दिले की ती फट ठरावीक राहते. आतल्या मार्गांवर काम करणाऱ्या हेडला चुंबकाची उरलीसुरली ओढ जाणवते, तो उपद्रव वेगळाच. काही उत्पादकांनी म्हणूनच तबकडीच्या वाऱ्याने उघडणारी कडी किंवा हेड उचलून ठेवणारा उतार पत्करला.

मग संगणक रीतसर का बंद करायचा? स्मृतीतली माहिती डिस्कवर उतरायची राहून जाते म्हणून. हेडची भीती घालून मुलांना संगणकापासून दूर ठेवलेले आम्ही पाहिले आहे. निकामी डिस्क त्यांच्यासमोर उघडावी. भुजेमागचे मोठे चुंबक फार जोरदार असतात, त्यांत बोटे सापडू देऊ नयेत.