शोधाची चौकट काय वाचत नाही

कादंबरीवर, सिनेमावर, अगदी वेब सिरीजवरही आपण समीक्षा लिहितो. पण मराठी मजकूर आपल्या मोबाइलवर आपल्याआधी वाचते ती भिंगाचं चित्र असलेली एक छोटी चौकट. काय दाखवायचं आणि काय नाही, हे तीच ठरवते. तिच्या वाचनाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते ही चौकट मराठी फार कच्ची वाचते.

मी दौंडची, म्हणून उदाहरण घरचंच घेते. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हा इंग्रजी कागदांत आमचं गाव 'धोंड' होतं आणि रेल्वेही 'धोंड-मनमाड'. आमच्या जंक्शनचा जुना इतिहास त्या नावाखाली आहे. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या चौकटीला भीमाकाठचं हे एकच गाव दोन वेगळी गावं वाटतात.

नावाचं सोडा, साध्या शब्दांचंही तेच. 'दौंड'ला प्रत्यय लागला तरी शब्द शाबूत राहतो: दौंडला, दौंडहून. पण 'विहीर'चं 'विहिरीत' होतं, 'पाणी'चं 'पाण्याला'. दुष्काळावरच्या एखाद्या लेखात सगळीकडे 'विहिरीला', 'पाण्याचा' असेल, तर 'विहीर' किंवा 'पाणी' शोधणाऱ्याला तो दिसणारच नाही. मराठी शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतो, हे सातवीतल्या मुलाला माहीत असतं. चौकटीला ते कुणी शिकवलेलं नसतं.

मग काळाचा प्रश्न येतो. १९६२ साली शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीची पुस्तकं 'नांव', 'गांव', 'कांहीं' लिहितात. आपण 'गाव' टाकतो आणि शंभर वर्षांचं गद्य गप्प बसतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या कित्येक फायली तर डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात. 'ॲप'मधला 'ॲ'सुद्धा युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो.

मोठी सर्च इंजिनं यातलं थोडंफार सांभाळून घेतात, हे खरं. पण एखाद्या साइटच्या आतला शोध किंवा पीडीएफमधला शोध बहुधा अक्षरांपाशीच थांबतो.

याच्या उलट माणसाने केलेली सूची पाहा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. असं काम करणारा माणूस पुस्तक काय आहे ते समजून नोंद करतो. चांगल्या सूचीत 'धोंड' या शब्दापुढे 'पाहा: दौंड' असं लिहिलेलं असतं. त्या एका 'पाहा'मध्ये भूगोल, इतिहास आणि व्याकरण तिन्ही असतात. चौकटीकडे नेमका तोच शब्द नाही.

प्रश्न सोयीपुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. 'शून्य निकाल' दिसलं की आपण म्हणतो, 'मराठीत यावर काही नाहीच', आणि इंग्रजीकडे वळतो. म्हणजे यंत्राचं कच्चं वाचन आपण भाषेची गरिबी म्हणून मान्य करतो. मराठी संग्रह उभारणाऱ्यांनी स्कॅनिंगइतकाच वेळ या 'पाहा'वर घालवायला हवा. तोवर आपण निदान तीनदा शोधावं: आजच्या रूपात, अनुस्वार देऊन आणि प्रत्यय लावून. त्यानंतरही काही सापडलं नाही, तर खुशाल म्हणावं की नाही.