शस्त्र परवाना पडताळणी आणि हेतुमर्यादा : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार परवाना देण्यापूर्वी अर्जदाराविषयी नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविणे बंधनकारक आहे. मात्र त्या अहवालाचा अन्यत्र वापर करण्याबाबत हे कलम मौन बाळगते.

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये स्थापन झाले. येथे शस्त्र परवान्याची चौकशी आणि चाकणच्या कारखान्यांत नोकरीसाठी लागणारी चारित्र्य पडताळणी, ही दोन्ही कामे एकाच पोलीस यंत्रणेकडे आहेत. परवान्याच्या चौकशीतील प्रतिकूल शेरा कामगाराच्या नोकरीआड येण्याचा धोका त्यामुळे संभवतो.

अमेरिकेत १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून उभ्या राहिलेल्या तपासणी यंत्रणेचे अनुज्ञेय वापर नियमांनी निश्चित केले आहेत. शस्त्रविक्रेत्यांना स्वतःचे कर्मचारी तपासण्याची मुभा देण्यासाठीही २०२२ मध्ये स्वतंत्र कायदेशीर तरतूद करावी लागली. वापराचा विस्तार तेथे प्रशासकीय सोयीवर सोडलेला नाही.

पुट्टस्वामी प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला; त्यावरील मर्यादेस कायद्याचा आधार आवश्यक ठरविला. या कसोटीवर कलम १३ अपुरे ठरते. सुरक्षेसाठी घेतलेली माहिती सुरक्षेपुरतीच राहावी, अशी स्पष्ट तरतूद त्यात होणे अगत्याचे आहे.