चादरीची उलटी बाजू

सोलापुरी जॅकार्ड चादरीवरच्या मोराचं पोट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ओढावं. कापडाचे दोन पदर सुटे होतात, एक लाल, एक पांढरा. मोराची कड आली की वरचा पदर खाली जातो, खालचा वर येतो आणि त्या अदलाबदलीतच दोघे एकमेकांत अडकतात. म्हणून समोर लाल जमिनीवर पांढरा मोर, उलटल्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल.

म्हणजे या कापडाला नक्षीनंच धरून ठेवलं आहे. ती काढली तर दोन सुटी कापडं उरतील. मोराची मान जवळून पाहिली तर तिथे नुसत्या पायऱ्या दिसतात, कारण उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपं जाता येत नाही. कोणता धागा उचलायचा हे जॅकार्ड मागाला लावलेल्या पुठ्ठ्यांवरची भोकं ठरवतात. चादर हातभर लांब धरली की त्याच पायऱ्यांतून मान डौलात वळते. हे वळण मला फार मोठं वाटतं.

कवी आणि समीक्षक बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये (1955) सांगितलेले संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तिन्ही नियम इथे सापडतात. आकार तोच, रंग उलटे, दोन्ही बाजूंचा भार सारखा. पण पदरांमधली हवा जी ऊब धरते, तिला त्यांच्या विचारात जागा नाही. सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक रा. भा. पाटणकर यांची 'सौंदर्यमीमांसा' (1974) मात्र लौकिक, म्हणजे जगण्याशी बांधलेली कला, आणि अलौकिक, म्हणजे स्वायत्त कला, असे दोन्ही ध्रुव मानते. चादरीपुरता मी पाटणकरांच्या बाजूचा.

पण वापरायची वस्तू कला कधी ठरते? 1964 साली न्यूयॉर्कमध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलनं साबणाच्या खोक्यांसारखी खोकी मांडली. ती पाहून तत्त्वज्ञ आर्थर डान्टो म्हणाले की कला नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाही, तिच्याभोवती कलेच्या सिद्धान्तांचं आणि इतिहासाचं वातावरण, म्हणजे कलाजगत लागतं. सोलापुरातही विणलेल्या वॉल हँगिंगला कलेचा मान चटकन मिळतो, चादर फडताळातच राहते. पण चादर फ्रेममध्ये बसवली तर अर्धी कृती भिंतीकडे तोंड करून राहील. ती पुरती दिसायला अंथरावी, झटकावी, उलटून पांघरावी लागते. वापर हीच तिची पाहण्याची रीत आहे.

किनारीत कारखान्याचं नाव विणलेलं असतं, मागून ते उलटं वाचावं लागतं. आलेखाच्या कागदावर चौकटी भरत मोर उतरवणाऱ्याचं नाव मात्र सहसा नसतं. पदर कुठे अडकायचे हे त्यानं ठरवलं. त्याचंही नाव त्या किनारीत यायला हवं.