बगळा क्योतोला परत येतो तेव्हा

जपानमधल्या क्योतो शहरातल्या गिओन उत्सवावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य लिहितोच : ही हजार वर्षांहून जुनी अखंड परंपरा आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका टिपणात मीही ते लिहिलं होतं. तेव्हा माझ्यापाशी पुस्तकं होती, प्रत्यक्ष पाहणं नव्हतं. 2024 च्या जुलैत ते घडलं आणि त्या वाक्यातला ‘अखंड’ हा शब्द मला मागे घ्यावा लागला. तो का, हे सांगण्यासाठी हा लेख.

उत्सवाचा आरंभ 869 सालचा मानतात. देशात साथ पसरली होती. तेव्हाच्या 66 प्रांतांसाठी 66 भाले उभारून रोगदेवतेला शांत करण्याचा विधी झाला. उत्सव ज्या देवस्थानाचा, त्याचं जुनं नाव गिओन. हे नाव श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या जपानी नावावरून आलं. तिथला देव गोझु तेन्नो, म्हणजे बैलाच्या मस्तकाचा स्वर्गराज, हा जेतवनाचा रक्षक मानला जाई. 1868 मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचा हुकूम काढला. गोझु तेन्नोचं नाव गेलं, त्याच्या जागी सुसानोओ आला आणि देवस्थान ‘यासाका’ झालं. म्हणजे ज्या देवासाठी उत्सव सुरू झाला असं आपण सांगतो, त्याचं नावच अधिकृत पूजेतून पुसलेलं आहे. अखंडतेला पहिला तडा इथेच जातो.

17 जुलैला सकाळी शिजो आणि कावारामाची या रस्त्यांच्या चौकात मी उभा होतो. त्या दिवशी 23 रथ निघतात. सर्वांत पुढे नागिनाता-होको असतो. मोठे रथ 25 मीटरपर्यंत उंच आणि 12 टनांपर्यंत जड असतात. त्यांचा सांगाडा खिळ्यांशिवाय, दोरांनी बांधतात. चाकं वळत नाहीत. म्हणून चौकात चाकांखाली हिरव्या बांबूच्या चिरफळ्या पसरतात, त्यांवर पाणी ओततात, आणि आरोळीसरशी माणसं दोर ओढून रथ आडवा घसरवतात. काटकोन पुरा व्हायला असे तीनचार हिसके लागतात. दर हिसक्याला वरचा उंच खांब झुलतो आणि गर्दी श्वास रोखते. झांजा, बासरी आणि ढोल मात्र थांबत नाहीत.

या प्रचंड रथांमध्ये दोन साधे छत्रीवाले रथ आहेत, आयागासा-होको आणि शिजो-कासा-होको. त्यांच्यापुढे तांबड्या केसांचा टोप घातलेला माणूस काठी फिरवत नाचतो. प्रेक्षकांचे डोळे उंचीकडे असतात, म्हणून या नाचाकडे लक्ष कमी जातं. मला हाच भाग सर्वांत जुना वाटला होता. शोधल्यावर उलटं निघालं. हे दोन्ही रथ एकोणिसाव्या शतकात बंद पडले आणि 1979 ते 1988 या काळात पुन्हा उभे राहिले. शिजो-कासा-होकोच्या नाचाचे हातवारे क्योतोत कुणाला आठवत नव्हते. ते शेजारच्या शिगा प्रांतातल्या एका गावच्या देवळात नाचल्या जाणाऱ्या ‘केंकेतो’ नाचाच्या आधारे पुन्हा बसवले गेले. राजधानीने जे विसरलं, ते खेड्याने सांभाळलं होतं.

याहून बोलका दाखला पाहायला मी 20 जुलैला शिमाने प्रांतातल्या त्सुवानो या छोट्या गावी गेलो. तिथे बगळ्यांचा नाच होतो. पांढऱ्या वेशातले दोन नर्तक, डोक्यावर बगळ्याचं मस्तक, पाठीवर पातळ लाकडी पट्ट्यांचे पंख. नाच अगदी संथ आहे. पंख उघडतात, मिटतात, दोघे एकमेकांभोवती फिरतात, आणि पट्ट्यांचा हलका खडखडाट ऐकू येतो. हा नाच गिओन उत्सवातला. तो क्योतोहून यामागुचीला गेला आणि तिथून 1542 मध्ये त्सुवानोला आला. मध्यंतरी तिथे खंडित झाला, तेव्हा सतराव्या शतकात माणसं पाठवून क्योतोहून पुन्हा शिकून आणला. पुढे क्योतोतच तो नाहीसा झाला. विसाव्या शतकात क्योतोने तो परत उभा केला, तो त्सुवानोकडून शिकून.

मग मूळ कोणतं आणि नक्कल कोणती? लोककलेच्या अभ्यासात आपल्याला एक सवय जडलेली असते. कला केंद्रात जन्मते, परिघावर झिजत जाते, आणि संशोधकाने सर्वांत जुना नमुना गाठायचा. मीही वर्षानुवर्षं याच चालीने टिपणं केली. बगळ्याची वाट या चालीत बसत नाही. इथे नाच जिवंत राहिला तो देण्याघेण्यामुळे, आणि तुटलेलं उसनं आणून जोडण्याची लाज कुणाला वाटली नाही म्हणून.

रथांचंही तेच. ओनिनच्या युद्धात, 1467 मध्ये, मिरवणूक बंद पडली आणि 1500 मध्ये पुन्हा निघाली. 1864 च्या आगीत कित्येक रथ जळाले. 24 जुलैची दुसरी मिरवणूक 1966 मध्ये पहिलीत मिसळून टाकली होती, ती 2014 मध्ये वेगळी झाली. ताकायामा हा रथ 1826 नंतर थेट 2022 मध्ये रस्त्यावर आला. 24 तारखेला मी तो पाहिला. रथांच्या अंगावरचे पडदे आणि गालिचे तर साऱ्या जगातून आलेले. फ्लँडर्सची विणलेली चित्रं आहेत, आणि डच कंपनीच्या जहाजांतून आलेले भारतीय गालिचेही. त्यांतल्या काहींना अभ्यासक दख्खनी मानतात. आपल्या पठारावरच्या विणकराचं काम क्योतोच्या व्यापाऱ्यांनी देवासाठी राखलं.

सगळंच जोडलेलं, तर मग सगळंच खरं म्हणायचं का? इथे मी थांबतो. प्रत्येक दुरुस्ती सारखी नसते. ती कुणी केली आणि कुणासाठी, हे पाहावं लागतं. 1533 मध्ये सत्तेने देवस्थानाचा विधी थांबवला, तेव्हा विधी नसला तरी रथ काढू द्या, अशी मागणी नगरजनांनी केली. ती दुरुस्ती खालून आली होती. 1868 ची वरून लादलेली. नागिनाता-होकोवर स्त्रियांना आजही चढता येत नाही. रथ पुन्हा उभे करताना इतकं काही बदललं, तर हाच नियम तेवढा अचल कसा, हा प्रश्न ‘अखंड परंपरा’ म्हटलं की विचारताच येत नाही.

आजची दुरुस्ती पैशाची आहे. 2023 मध्ये खाण्यापिण्यासकट 4 लाख येनांपर्यंतच्या आसनांची विक्री झाली. पुढच्या वर्षी देवस्थानाच्या मुख्य पुजाऱ्यांनीच, उत्सव म्हणजे तमाशा नव्हे, असा जाहीर आक्षेप घेतला. तो मला पटतो, पण अर्धाच. रथांना खर्च लागतो आणि तो नेहमीच व्यापाऱ्यांच्या पेठांनी उचलला आहे. फरक इतकाच, की पेठेतला माणूस पैसे देऊन रथाचा होत असे. आसनावरचा माणूस पैसे देऊन फक्त प्रेक्षक राहतो.

17 च्या दुपारी रथ पेठांत परतले, लगेच सोडवायला घेतले गेले आणि पर्यटक पांगले. देवाच्या पालख्या निघाल्या त्या संध्याकाळी. रथ निघतात ते याच पालख्यांची वाट शुद्ध करण्यासाठी. तेव्हा गर्दी बरीच विरळ होती. जुन्या टिपणात मी रथांना दोन पानं दिली होती आणि पालख्यांना एक ओळ. ती चूक आता दुरुस्त करतो आहे, आणि ‘अखंड’च्या जागी ‘वारंवार जोडलेली’ असं लिहितो आहे.