पडद्यावरचे वर्तुळ आणि अपुरे मदतपान

समजा, तळ्याच्या एखाद्या शाळेत लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर जिओजेब्रा वापरून वर्तुळ काढले आणि ते ९ सेंमी उंच, पण १२ सेंमी रुंद दिसले. समीकरण बरोबर, सॉफ्टवेअरही बरोबर. मग चूक कोठे?

मॉनिटर आपल्या क्षमतेची माहिती १२८ बाइटांच्या तक्त्यातून संगणकाला कळवतो. सदोष केबलमुळे तो तक्ता पोचला नाही, तर संगणक बऱ्याचदा १०२४ × ७६८ असे सुरक्षित माप धरतो. हे ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ पडद्यावर ताणले गेले की वर्तुळाची रुंदी उंचीच्या ४/३ पट होते. ठिपक्यास ठिपका न जुळल्याने जोडाक्षरेही पुसट दिसतात.

युनिक्स परिवारातील एक्स विंडो प्रणालीची सुरुवात १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत झाली. हवे ते माप वापरणाऱ्याने स्वतः द्यावे, ही मोकळीक तिने दिली. २००७ पासून 'एक्सरँडआर' या आज्ञेने प्रणाली चालू असतानाच नवे माप घालता येऊ लागले. ही सोय कौतुकास्पद आहे. परंतु तिचे मदतपान शिक्षकाच्या हाती काय देते? आकड्यांची नावे क्रमाने देते, अर्थ सांगत नाही.

वास्तविक तो अर्थ सोपा आहे. १९२० × १०८० चित्रासाठी प्रत्येक ओळीत २२०० ठिपक्यांइतका वेळ आणि एकूण ११२५ ओळी धरतात. जादा २८० ठिपके आणि ४५ ओळी दिसत नाहीत. जुन्या काचनळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनांच्या झोताला परत फिरण्यास जो अवधी लागे, त्याचाच हा वारसा. आता गुणाकार करू या : २२०० × ११२५ × ६० = १४,८५,००,०००. म्हणजे सेकंदाला ६० चित्रांसाठी घड्याळ १४८.५ मेगाहर्ट्‌झचे हवे. शाळकरी गुणाकारापलीकडे यात काही नाही. तरी मदतपानात तो नाही.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. हे आकडे काढून देणाऱ्या 'सीव्हीटी' या आज्ञेला १३६६ × ७६८ माप दिले, तर उत्तर १३६८ चे येते. रुंदी ८ ने विभाज्य असावी म्हणून ती गुपचूप वाढवली जाते. इशारा मिळत नाही. दोन ठिपके जास्त आल्याने चित्र किंचित पुसट का झाले, हे शिक्षकाने कसे ओळखावे?

शिवाय एक्सरँडआरने घातलेले माप संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीसे होते. आज अनेक लिनक्स वितरणांत असलेल्या वेलँड प्रणालीत या आज्ञेने माप बदलतच नाही. ही अडचण आधी कळली, तर तासभराचा खटाटोप वाचेल.

मोकळीक दिली, पण तिची रीत समजावली नाही, तर शिक्षक ताणलेल्या चित्रावरच भागवतो आणि विद्यार्थी लंबवर्तुळाला वर्तुळ म्हणायला शिकतो. मदतपानात वरील एक गुणाकार आणि ८ च्या नियमाची एक ओळ घातली, तरी बरेच साधेल. तोवर शिक्षकांनी भूमितीच्या तासापूर्वी पडद्यावर एक वर्तुळ काढावे आणि त्याचे आडवे-उभे व्यास पट्टीने मोजून पाहावेत.