‘बहुचर्चित’ म्हणजे नेमकं काय?

आज एकाच विशेषणाकडे बघू. ‘बहुचर्चित’. बहुचर्चित कादंबरी, बहुचर्चित चित्रपट आणि बहुचर्चित घोटाळासुद्धा! कादंबरी आणि घोटाळा, दोघांना एकच विशेषण चालतं, तेव्हा ते विशेषण वस्तूबद्दल बोलत नाही, आपल्या बोलण्याबद्दल बोलतं.

याचे शेजारी बघा. ‘गाजलेलं’मध्ये आवाज आहे, नाटक गाजतं, सभा गाजते, भांडणही गाजतं. ‘नावाजलेला’मध्ये कौतुक आहे. चोराला नावाजलेला म्हटलं, तर तो टोमणा होतो; त्याच्यासाठी ‘कुप्रसिद्ध’ आहे. ‘प्रसिद्ध’च्या पोटात ‘सिद्ध’ बसलेला आहे. आणि ‘चर्चित’? त्याचा एक जुना अर्थ लेप लावलेला. चंदनचर्चित म्हणतो ना, तोच. लेप जाड आहे एवढं कळतं. खाली मूर्ती कशी, ते कळत नाही.

आता कौंडण्यपुरात बोलतोय, तर इथलंच उदाहरण घेऊ. परंपरा या गावाला रुक्मिणीचं माहेर मानते. भागवताच्या दशमस्कंधात रुक्मिणीनं कृष्णाचे गुण घरी येणाऱ्यांच्या तोंडून ऐकले. म्हणजे निवड ऐकीव कीर्तीवरच झाली. पण तिच्या निरोपात ‘तुझी फार चर्चा आहे’ असं नाही. कुळ, शील, रूप, विद्या, असं एकेक मोजून ती सांगते. नुसत्या गाजावाजावर वर निवडायचा, तर शिशुपाल काय वाईट होता? वऱ्हाड तर त्याचंच वाजतगाजत आलं होतं!

याच कथेवर मराठीत दोन मोठी काव्यं आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’, आणि 1571 मधलं एकनाथांचं. रामदेवराव यादवाला नरेंद्राच्या ग्रंथावर आपलं नाव हवं होतं आणि कवीनं ते नाकारलं, अशी आख्यायिका आहे. राजालाही प्रसिद्धी उसनी हवी होती, बघा! दोन्ही काव्यांना ‘बहुचर्चित’ म्हणून मोकळं होता येईल. पण नरेंद्राकडे शृंगार आणि वर्णनाचा थाट आहे, तर नाथांकडे तेच लग्न जीव-शिवाचं मीलन होतं. हे सांगितलं, तरच समीक्षा झाली.

समीक्षकाला मत द्यायचं धाडस नसलं, की तो ‘बहुचर्चित’ लिहितो. जबाबदारी लोकांवर, सही आपली! म्हणून हा शब्द दिसला, की एवढंच विचारा: चर्चा झाली, ठीक, पण कशासाठी? उत्तर पुढच्या वाक्यात असेल, तर शब्द राहू द्या. नसेल, तर खोडा.