मैहरचा वाद्यवृंद आणि ग्वाल्हेरचा कान

ग्वाल्हेरच्या गायकीवर पोसलेल्या कानाला मैहरचा वाद्यवृंद प्रथम ऐकताना काहीसे अवघडल्यासारखे होते. राग ओळखीचा, पण आलापाला उसंत नाही. 1918 च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून अलाउद्दीन खाँ यांनी हा वृंद उभारला. बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग, सतार, व्हायोलिन सारी एकाच मुखाने बोलतात. 1917 मध्ये डिक्सीलँड पथकाची पहिली जॅझ-ध्वनिमुद्रिका निघाली. तेथे कॉर्नेट मूळ धून धरतो, क्लॅरिनेट तिच्यावरून नक्षी काढते, ट्राँबोन खालून उत्तर देतो. आणि हे सारे एकाच वेळी! खाँसाहेब तर कलकत्त्यात क्लॅरिनेट आणि कॉर्नेटही शिकले होते. तरीही ती मोकळीक त्यांनी आपल्या वृंदाला दिली नाही. हा भित्रेपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. डिक्सीलँडमधील कलकलाट स्वरसंवादाच्या ठरलेल्या चौकटीवर तोलला जातो. रागाला तसा आधार नाही. तेथे तिघांनी तीन वाटा धरल्या, तर रागच हरवावयाचा. मात्र हस्सू-हद्दू खाँ या बंधूंच्या जोडगायनाची स्मृती जपणाऱ्या ग्वाल्हेरकराला एक तक्रार करावीशी वाटते. एकाने सोडलेला सूर दुसऱ्याने उचलावा, एवढी जागा नलतरंग आणि सरोद यांच्यामध्ये सहज करता आली असती.